प्रभुभोजन आणि मुलें



प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला ज्यांना कधीं जाण्याचा प्रसंग आला असेल, त्यांच्या नजरेंतून एक गोष्ट सुटली नसेल. प्रभुभोजनाचा रविवार असला म्हणजे प्रवचन आटोपल्यावर मोठीं माणसें उठून वेदीच्या कठड्यापाशीं जातात. किंवा कांहीं मंडळ्यांत तीं बसल्या जागींच राहतात आणि भाकरीचें तबक व द्राक्षरसाचे लहान पेले त्यांच्यापर्यंत आणले जातात. मुलें त्या वेळीं एक तर शेजारच्या खोलींत रविवारच्या शाळेंत असतात, नाहीं तर आईच्या बाजूला बसून तबक आपल्या डोक्यावरून पलीकडे जातांना पाहत असतात. एखादें चार वर्षांचें मूल हात पुढें करतें आणि आई तो हात हळूच मागें घेते. हा हात मागें घ्यावा कीं घेऊं नये, एवढ्याशा प्रश्नावर सोळाव्या शतकापासून मोठमोठ्या पंडितांनीं लेखण्या झिजविल्या आहेत. आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पुष्कळ मंडळ्यांनीं आपलें जुनें उत्तर बदललेंही आहे. आज त्याविषयीं आपणांशीं चार शब्द बोलावे असें योजिलें आहे.

जे श्रोते ख्रिस्ती नाहींत त्यांच्याकरितां आरंभीं थोडा खुलासा केला पाहिजे. ख्रिस्ती मंडळींत प्रवेश होतो तो बाप्तिस्म्यानें, म्हणजे जलसंस्कारानें. प्रॉटेस्टंटांपैकीं लूथरपंथी, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथॉडिस्ट इत्यादि मंडळ्या हा संस्कार तान्ह्या मुलांसही देतात. बॅप्टिस्टांसारख्या मंडळ्या तो समजत्या वयांत, स्वतःच्या मुखानें विश्वास कबूल केल्यावरच देतात. प्रभुभोजन हा दुसरा संस्कार. येशूनें मरणापूर्वींच्या रात्रीं शिष्यांबरोबर जें भोजन केलें त्याची ही स्मृति. आणि केवळ स्मृति नव्हे, तर एका मेजावर बसणारांचें एकमेकांशीं व प्रभूशीं असलेलें नातें त्यांत प्रकट होतें अशी श्रद्धा. आतां घोटाळा उत्पन्न होतो तो येथें. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देऊन आपण त्याला घरांतलें म्हटलें. मग घरांतल्या जेवणाला तें बसत नाहीं हें कसें? आपल्याकडे ज्यास अधिकार म्हणतात, म्हणजे एखाद्या कर्माला बसण्याची पात्रता, त्याचाच हा प्रश्न आहे. अधिकार जन्मानें व संस्कारानें मिळतो कीं ज्ञानानें, हा वाद मुंज झालेल्या व न झालेल्या मुलांच्या घरांत कांहीं अगदींच अनोळखी नाहीं.

प्रथम एक समजूत दूर करूं. मुलांना मेजापासून दूर ठेवण्याची चाल ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे असें अनेकांना वाटतें. तें खरें नाहीं. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज नगरांत सिप्रियन नांवाचा बिशप होऊन गेला. त्याच्या लेखनांत एका अगदीं लहान मुलीला प्याला दिल्याचा उल्लेख सहजगत्या येतो. तो अपवाद म्हणून सांगितलेला नाहीं, नेहमींची रीत म्हणून येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही तान्ह्या मुलाला बाप्तिस्म्याबरोबरच प्रभुभोजनाचा अंश चमच्यानें देतात. पश्चिम यूरोपांत मात्र ही रीत हळूहळू लोपत गेली. १२१५ सालच्या लॅटरन येथील धर्मपरिषदेनें विवेकाच्या वयास आलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी पापकबुली देऊन हा संस्कार घ्यावा असें ठरविलें, आणि त्या वयाच्या आंतील मूल आपोआपच बाजूला पडलें. बोहेमियांतील हुसच्या अनुयायांनीं पंधराव्या शतकांत तान्ह्या मुलांना पुन्हां मेजाशीं आणलें होतें, हें त्या सुधारणेचें एक विस्मृत अंग आहे. लूथर व कॅल्व्हिन त्या वाटेनें गेले नाहींत.

ते कां गेले नाहींत, हें समजून घेतल्याशिवाय त्यांना कठोर म्हणणें अन्यायाचें होईल. १५२८ च्या अखेरीस लूथर सॅक्सनी प्रांतांतील गांवोगांवच्या मंडळ्यांची पाहणी करावयास बाहेर पडला, आणि जें दिसलें त्यानें तो हादरून गेला. खेड्यांतल्या माणसांना आपल्या धर्माचें मूलभूत ज्ञानही नव्हतें. पुष्कळ पाळकांची स्थिति त्याहून फार बरी नव्हती. आणि तरीही सगळे जण संस्कार घेत होते. त्या उद्वेगांतून १५२९ सालीं त्याची ‘लघु प्रश्नोत्तरावली’ निर्माण झाली. ती प्रथम भिंतीवर लावावयाच्या तक्त्यांच्या रूपानें छापली गेली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. आणि प्रत्येक भागाच्या शिरोभागीं सूचना अशी कीं घराच्या कर्त्यानें तो आपल्या घरच्यांना साध्या रीतीनें शिकवावा. म्हणजे शिकविणारा पाळक नव्हे, बाप! जो हें शिकावयास तयार नाहीं त्याला मेजाशीं येऊं देऊं नये, असा लूथरचा दंडक होता. त्या दंडकाचा रोख मुलाच्या कोवळेपणावर नव्हता, मोठ्यांच्या बेपर्वाईवर होता.

कॅल्व्हिनचा युक्तिवाद अधिक रेखीव. तो म्हणे, बाप्तिस्मा हें प्रवेशाचें चिन्ह आहे, तें तान्ह्याला देतां येतें. परंतु पौलानें करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत खाणारानें आधीं स्वतःची परीक्षा करावी असें सांगितलें आहे, आणि तान्हें मूल स्वतःची परीक्षा कशी करणार? शिवाय यहुद्यांच्या वल्हांडण सणाचें जेवणही, त्याच्या मतें, ज्यांना त्या जेवणाचा अर्थ विचारण्याची अक्कल आली होती त्यांनाच मिळत असे. जिनीव्हांत दर रविवारीं दुपारीं मुलांना प्रश्नोत्तरें शिकविण्याची व्यवस्था त्यानें लावली आणि तीं चांगलीं पाठ झालेल्या मुलानें मंडळीपुढें तीं म्हणून दाखविल्यावरच त्याला मेजाशीं जागा मिळावी असें ठरलें. दहा वर्षांच्या मुलाला हें साधावें अशी त्याची अपेक्षा होती. चौदा-पंधराची अट त्याची नव्हे. ती मागाहून रूढ झाली.

पुढच्या इतिहासांत ही परीक्षेची कल्पना किती खोल रुजली तें स्कॉटलंडांत पाहावें. तेथें प्रभुभोजन वर्षांतून एकदां किंवा दोनदां होई आणि त्याचा सोहळा गुरुवारच्या उपवासापासून सोमवारच्या उपकारस्तुतीपर्यंत चाले. त्याआधीं पाळक व मंडळीचे वडील ज्यांना योग्य ठरवीत, त्यांना शिशाचें एक लहान बिल्ल्यासारखें नाणें देत. त्यावर त्या परगण्याच्या नांवाचें आद्याक्षर आणि बहुधा सन कोरलेला असे. तें नाणें हातांत असल्याखेरीज मेजाशीं बसतां येत नसे. अशीं नाणीं आज वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. इंग्लंडांत नाणें नव्हतें, पण दृढीकरण होतें. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत नियम असा कीं, बिशपानें मस्तकावर हात ठेवून ज्याचें दृढीकरण केलें आहे, किंवा जो तें करून घेण्यास सिद्ध व उत्सुक आहे, त्यानेंच प्रभुभोजन घ्यावें.

या कडक व्यवस्थेचें फळ काय मिळालें? तिचें श्रेय तिला मोकळ्या मनानें दिलें पाहिजे. मूल मेजाशीं यावयाचें तर त्याला शिकविलें पाहिजे. शिकवावयाचें तर त्याला वाचतां आलें पाहिजे. त्याला वाचतां यावयाचें तर गांवांत शाळा पाहिजे. ज्या देशांत प्रश्नोत्तरावली घरोघर गेली तेथें साक्षरतेचें पाऊलही तिच्याबरोबर गेलें. १५६३ ची हायडेलबर्गची प्रश्नोत्तरावली वर्षाच्या बावन्न रविवारांत वांटून दिलेली आहे. १६४७ ची वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली १०७ प्रश्नांची आहे, आणि तीं सर्व उत्तरें स्कॉटिश मुलांच्या कित्येक पिढ्यांना मुखोद्गत असत. आजच्या शिक्षणशास्त्रज्ञाला घोकंपट्टी म्हणून हंसूं येईल. आपल्याकडे ज्यांनीं लहानपणीं अर्थ न समजतां रामरक्षा पाठ केली आणि पन्नाशींत एके रात्रीं ती एकाएकीं समजली, ते तितक्या सहजासहजीं हंसणार नाहींत.

आतां दुसरी बाजू. विसाव्या शतकांत ज्या वचनाच्या आधारावर मुलांना बाहेर ठेवलें जात होतें त्याच वचनाकडे विद्वान नव्यानें पाहूं लागले. करिंथ येथें झालें होतें काय? मंडळी भोजनाला जमे तेव्हां श्रीमंत माणसें आधीं येऊन आपापलें खाऊन मोकळीं होत. गरीब मागाहून येत आणि उपाशीं राहत. याचा पौलाला संताप आला. मंडळी हें एक शरीर आहे याची जाणीव न ठेवतां जो खातो तो अयोग्य रीतीनें खातो, असा त्या सगळ्या उताऱ्याचा ओघ आहे. परीक्षा करावयाची ती धर्मशास्त्राच्या ज्ञानाची नव्हे, तर आपण कोणाला ताटावरून उठविलें आहे याची! हा अर्थ स्वीकारला तर मोठी विलक्षण गोष्ट होते. जें वचन दुबळ्यांना वगळणाऱ्यांविरुद्ध लिहिलें गेलें, त्याचाच उपयोग मंडळीनें आपल्यांतील सर्वांत दुबळ्यांना वगळण्याकडे केला. सर्वच विद्वानांना हा अर्थ मान्य आहे असें नाहीं. स्वतःची परीक्षा या शब्दांत व्यक्तीच्या विवेकाचीही मागणी आहे, असें म्हणणाऱ्यांचें बोलणें अगदींच टाकाऊ नाहीं.

वल्हांडणाच्या दाखल्याचेंही तसेंच झालें. यहुदी घरांत त्या रात्रीं सर्वांत लहान मूल प्रश्न विचारतें, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी कां म्हणून, आणि मग वडील माणसें मिसर देशांतून सुटकेची कथा सांगतात. या रात्रींच्या पोथीला हग्गादा म्हणतात, आणि १८७४ सालीं पुण्यांत बेने इस्राएल समाजाकरितां ती हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली, हें आपल्यापैकीं पुष्कळांना नवल वाटेल. त्या पोथीचा क्रम पाहा. मूल आधीं उत्तर देऊन मग जेवणाला बसत नाहीं. तें जेवणाला बसलेलें असतें म्हणूनच त्याला प्रश्न सुचतो. कॅल्व्हिनसारख्या सूक्ष्म बुद्धीच्या माणसाच्या नजरेंतून हें निसटावें याचें मला आश्चर्य वाटतें.

तरी केवळ पंडितांच्या वादानें मंडळ्यांचे नियम बदलत नसतात. इंग्लंडांत बदल घडून आला तो एका साध्या कारणानें. पूर्वीं तेथें बहुतेक ठिकाणीं रविवारची मुख्य उपासना म्हणजे प्रातःप्रार्थना असे. तींत भाकर नाहीं, प्याला नाहीं, तेव्हां मुलांना वगळण्याचा प्रसंगच येत नसे. विसाव्या शतकांत प्रभुभोजन हीच दर रविवारची मुख्य उपासना होऊं लागली आणि सारें कुटुंब कठड्यापाशीं एकत्र येऊं लागलें. आईबापांच्या हातांत भाकर पडे. मुलाच्या डोक्यावर पाळक हात ठेवून आशीर्वाद देई. आशीर्वाद ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सर्वांना भाकर आणि आपणाला मात्र हात, एवढें अंतर सहा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतें. १९७१ सालीं ईली येथील समितीनें बाप्तिस्मा हाच पूर्ण प्रवेशसंस्कार मानावा अशी शिफारस केली, आणि वाद बरींच वर्षें चालला. स्कॉटलंडच्या मंडळीनें १९९२ सालीं मुलांना मेजाशीं येण्याची मोकळीक दिली. ज्या देशांत शिशाचें नाणें चालत होतें त्याच देशांत! इंग्लंडच्या मंडळीनें २००६ सालीं रीतसर नियम केले. त्यांप्रमाणें एखाद्या परगण्याच्या पाळकाला बिशपाची अनुज्ञा मागावी लागते, आणि मुलांच्या तयारीची समाधानकारक सोय आहे व पुढें दृढीकरणासाठीं त्यांना उत्तेजन मिळेल अशी बिशपाची खात्री व्हावी लागते. त्यांतलें एक कलम मला विशेष शहाणपणाचें वाटतें. एकदां मेजाशीं घेतलेल्या मुलाला, तें दुसऱ्या गांवीं राहावयास गेलें आणि तेथें ही चाल नसली, तरी परत पाठवितां येत नाहीं.

या बदलाच्या बाजूनें जें कांहीं बोललें गेलें आहे त्यांत मला सर्वांत बिनतोड वाटतें तें मुलांविषयींचें नाहींच. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मतः खुंटलेली असते अशीं माणसें प्रत्येक मंडळींत असतात. समजणें हीच अट असेल, तर हीं माणसें चाळीसाव्या वर्षींही बाहेरच राहणार. आणि खरें पाहतां या गूढाचा पुरता अर्थ कोणाला समजला आहे? लूथर आणि झ्विंगली १५२९ सालीं मारबुर्ग येथें समोरासमोर बसले, आणि त्या भाकरींत ख्रिस्त कोणत्या रीतीनें असतो या एका मुद्यावर त्यांचें एकमत होऊं शकलें नाहीं. अर्थ ठरेपर्यंत थांबावयाचें तर तें दोघेही मेजाबाहेर राहिले असते!

पण मूल मेजाशीं आलें म्हणजे शिक्षणाचा प्रश्न मिटला असें मानणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. खरें संकट येथें आहे. जुनी अट गेली तिच्याबरोबर जुनी निकडही गेली. पूर्वीं चौदाव्या वर्षींची परीक्षा डोळ्यांपुढें असल्यामुळें बाप, पाळक, शिक्षक या सगळ्यांना हातपाय हलवावे लागत. आतां निकड कोणती? रविवारची शाळा आहे, असें उत्तर येतें. १७८० सालीं ग्लॉस्टर शहरांत रॉबर्ट रेक्स यानें ती चालविली, त्या वेळीं आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारीं वाचावयास शिकविणें हा तिचा एक मोठा हेतु होता, आणि तो तिनें उत्तम साधला. पुढें ती मुख्य उपासनेच्या वेळींच भरूं लागली. परिणाम असा झाला कीं मूल दहा वर्षें रंगीत चित्रें पाहत, गाणीं म्हणत शेजारच्या खोलींत वाढलें आणि मोठें झाल्यावर त्याला मुख्य मंदिर परकें वाटलें. जर्मनींत तर अशी तक्रार जुनीच आहे कीं दृढीकरण हा मंडळींत येण्याचा नव्हे, मंडळींतून बाहेर पडण्याचा संस्कार झाला आहे. चौदाव्या वर्षीं नवे कपडे, भेटवस्तू, मेजवानी, आणि त्यानंतर मुलगा पुन्हां दिसत नाहीं. तरीसुद्धां त्या वयाच्या संस्काराचें बळ केवढें असतें हें पूर्व जर्मनीच्या शासनानें ओळखलें होतें. १९५४ सालीं त्यानें त्याच वयाच्या मुलांसाठीं धर्मविरहित असा ‘यौवनदीक्षे’चा समारंभ मुद्दाम उभा केला, आणि मंडळ्यांना त्याचा फार मोठा फटका बसला.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईस १८१३ सालीं व अहमदनगरास १८३१ सालीं आलेलें अमेरिकन मराठी मिशन, कोंकणांत १८२३ पासून काम करणारे स्कॉटिश मिशनरी, नाशिकजवळच्या शरणपूरचें अँग्लिकन मिशन, या सर्वांनीं आपापल्या देशांतील परीक्षेची परंपरा बरोबर आणली. येथें तिला निराळाच अर्थ आला. नवख्रिस्ती माणसाला त्याच्या जातीनें पंक्तींतून उठविलेलें असे. ज्या समाजांत कोणी कोणाबरोबर जेवावें यावर माणसाची पायरी ठरत होती, तेथें ब्राह्मण, महार, मांग एका प्याल्याला ओंठ लावतात ही केवढी क्रांति! अशा घरांतल्या मुलाला शेजारीं पंक्तीला घेत नसत आणि मंडळीही ‘थांब, तुझें शिक्षण व्हावयाचें आहे’ असें म्हणे. त्या मुलाला काय वाटत असेल, हें त्या काळच्या अहवालांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

मुलाचें धर्मशिक्षण ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही एका मराठी आईनेंच फार तीव्रतेनें विचारला. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटिज येथें झाला. त्याच दिवशीं त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. पुढें मनोरमेला काय शिकवावें यावरून तेथील भगिनी जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. बाईंचा आग्रह असा कीं मुलीच्या धर्मशिक्षणाचा निर्णय आईचा आहे. ज्यांनीं आश्रय दिला त्यांना हें कृतघ्नपणाचें वाटलें. मला तीं पत्रें वाचतांना लूथरच्या तक्त्यावरची ती सूचना आठवते. त्यानें घरचा कर्ता पुरुष डोळ्यांपुढें ठेवला होता. येथें कर्ती आई होती, इतकेंच.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास उत्तर भारतांतील सहा मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालें. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयांतील बाप्तिस्मा या दोन्ही रीती त्यांत शेजारीं शेजारीं नांदतात. जगांत फार थोड्या ठिकाणीं हें साधलें आहे. दृढीकरणानंतरच प्रभुभोजन, हाच आपल्याकडील सामान्य प्रघात मात्र अद्याप आहे. तो आज ना उद्यां चर्चेला येईल. त्या वेळीं केवळ इंग्लंडांत तसें झालें म्हणून येथें करावें, हें कारण पुरेसें होऊं नये.

माझें मत विचाराल तर मुलाला सहा-सात वर्षांचें झालें कीं मेजाशीं घ्यावें, आणि तयारीचे वर्ग मुलाबरोबर आईबापांचेही घ्यावे. चार-पांच बैठकी पुरतात. पहिल्या बैठकींत त्या रात्रींची गोष्ट सांगावी. दुसरींत मुलांकडून भाकर भाजवून घ्यावी. चपाती लाटतां येणाऱ्या आजीबाई प्रत्येक मंडळींत आहेत. नंतर क्षमा म्हणजे काय, हें घरांतल्याच भांडणांचे दाखले घेऊन बोलावें. प्रश्नोत्तरें पाठ करून घ्यावीं, पण १०७ नव्हे. दहा-बारा, आणि तीं आईबापांनींही म्हणावीं. दृढीकरण काढून टाकूं नये. तें सोळा-अठरा वर्षांपर्यंत पुढें न्यावें, म्हणजे मेजाचें तिकीट हें त्याचें ओझें उतरेल आणि तरुण माणसाला ‘होय’ किंवा ‘अजून नाहीं’ असें खरोखर म्हणतां येईल. प्याल्याविषयीं ज्यांना शंका असेल त्यांनीं आपल्याकडील पुष्कळ मंडळ्यांप्रमाणें न आंबविलेला द्राक्षरस वापरावा. ती अडचण फार मोठी नाहीं.

आणि पाळकांनीं एवढी तयारी ठेवावी कीं सात वर्षांचें मूल मेजाशीं बसलें म्हणजे प्रश्न विचारणार, तो मोठ्यानें विचारणार, आणि बहुधा अगदीं शांततेच्या क्षणीं विचारणार.